आधी माणसे जमली, मग संस्था झाली

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. ज्या विकिमीडिया फाउंडेशनच्या छत्राखाली तो आज चालतो, त्या संस्थेची नोंदणी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २० जून २००३ रोजी झाली. म्हणजे मराठी विकिपीडिया आपल्या मातृसंस्थेहून पन्नास दिवसांनी मोठा आहे. विकिपीडियाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी हा इतिहास लिहायला घेतला तेव्हा तारखांचा हा क्रमच मला सर्वांत बोलका वाटला. एरवी संस्थेचा इतिहास संस्थापकांपासून, घटनेपासून, पहिल्या कार्यकारिणीपासून सुरू होतो. इथे काम आधी सुरू झाले, काम करणारे आधी जमले, आणि त्यांनी उभे केलेले सांभाळण्यासाठी धर्मादाय संस्था मागाहून आली. पंचवीस वर्षांत जे चांगले घडले आणि जे बिघडले, त्याचे मूळ बहुतेक वेळा या क्रमात सापडते.

खुद्द विकिपीडियाही ठरवून काढलेला कोश नव्हता. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी मार्च २००० मध्ये न्यूपीडिया नावाचा ज्ञानकोश सुरू केला होता. लेख तज्ज्ञांनी लिहायचे, सात टप्प्यांच्या तपासणीतून ते जायचे आणि मगच प्रसिद्ध व्हायचे. योजना नीटस होती, हेतूही चांगला होता. पण पहिल्या वर्षात जेमतेम २१ लेख मंजूर झाले. या कोशासाठी कच्चा मजकूर तयार व्हावा म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी शेजारी एक मोकळी जागा उघडण्यात आली. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये बनवलेली 'विकी' पद्धत तिथे वापरली होती, म्हणजे जो वाचतो तो त्याच पानावर दुरुस्तीही करू शकतो. ही जागा म्हणजे विकिपीडिया. वर्षभरात तिथे अठरा हजारांच्या आसपास लेख झाले आणि न्यूपीडिया २००३ मध्ये बंद पडला.

यावरून 'तज्ज्ञांची गरज नाही' असा निष्कर्ष अनेकांनी काढला. मला तो पटत नाही. तज्ज्ञ इथेही आले आणि फार मोलाचे लिहून गेले. बदलले ते एवढेच, की चूक दिसल्यावर ती दुरुस्त करायला कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागेनाशी झाली. आणि चूक दुरुस्त करणारा माणूस हळूहळू त्या पानाची काळजी घेऊ लागतो, मग शेजारच्या पानाची. विकिपीडियाचा समाज असा घडला.

संस्थेच्या जन्मामागे मात्र एक फाटाफूट आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये विकिपीडियाच्या पानांवर पुढेमागे जाहिराती येतील, असे चर्चेत निघाले. तेव्हा सगळा खर्च वेल्स यांची बोमिस ही खासगी कंपनी करत होती. स्पॅनिशमध्ये लिहिणाऱ्या स्वयंसेवकांनी विचारले, आम्ही विनामोबदला लिहितो ते कोणाच्या नफ्यासाठी? उत्तराने समाधान झाले नाही तेव्हा त्यांतले बरेच जण बाहेर पडले आणि तोवर लिहिलेला मजकूर घेऊन सेव्हिल विद्यापीठाच्या सर्व्हरवर त्यांनी आपला स्वतंत्र कोश मांडला. परवाना खुला असल्यामुळे त्यासाठी कोणाला विचारण्याची गरज नव्हती. त्याच वर्षी विकिपीडियाने 'डॉट कॉम' सोडून 'डॉट ऑर्ग' हा पत्ता घेतला, जाहिराती न घेण्याचा निर्णय पक्का झाला आणि पुढच्या वर्षी ना-नफा संस्था नोंदली गेली. आज विकिपीडियाच्या कुठल्याही पानावर जाहिरात नाही, याचे मोठे श्रेय त्या निघून गेलेल्या माणसांना आहे. स्मरणिकेत सहसा राहिलेल्यांची नावे येतात. या संस्थेच्या बाबतीत निघून गेलेल्यांचे ऋणही नोंदवायला हवे.

फाउंडेशन नेमके काय करते, हे आजही नीट सांगावे लागते. 'विकिपीडियावाल्यांनी असे लिहिले' असे लोक म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात एखादे कार्यालय आणि पगारी संपादक असतात. फाउंडेशनकडे पगारी माणसे आहेत. ती सर्व्हर चालवतात, सॉफ्टवेअर लिहितात, न्यायालयीन कामे पाहतात, देणग्या गोळा करतात, स्वयंसेवकांच्या उपक्रमांना अनुदान देतात. लेख लिहिणे आणि लेखात काय राहील हे ठरवणे त्यांचे काम नाही. ते तीनशेहून अधिक भाषांतल्या स्वयंसेवकांचे आहे. २००४ पासून विश्वस्त मंडळातल्या काही जागा याच स्वयंसेवकांच्या मतदानाने भरल्या जातात. त्या पहिल्या निवडणुकीत निवडून आलेल्या फ्रान्सच्या फ्लोरेन्स देवुआर २००६ मध्ये वेल्स यांच्यानंतर मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. मुंबईच्या चित्रपटनिर्मात्या आणि स्त्री-हक्क कार्यकर्त्या बिशाखा दत्ता यांची २०१० मध्ये विश्वस्त म्हणून नेमणूक झाली. मजकुराचा परवाना बदलायचा होता तेव्हाही, २००९ मध्ये, निर्णय स्वयंसेवकांच्या मतदानाला टाकला गेला आणि मोठ्या बहुमताने क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना स्वीकारला गेला. श्रेय द्या, बदल करा, विकायचे तर विका, पण पुढे वाटताना याच अटी ठेवा, असा तो परवाना आहे.

मराठीची सुरुवात

मराठीला कोशांची परंपरा नवी नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२०च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले, तेही लोकांकडून भागभांडवल उभे करून. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. त्या पिढ्यांनी विषयांच्या याद्या, परिभाषा आणि नोंदलेखनाची शिस्त घालून दिली. २००३ मध्ये ज्यांनी मराठी विकिपीडियावर लिहायला घेतले त्यांच्या पाठीशी ही परंपरा होती. समोर अडचण होती ती मात्र अगदी वेगळी. संगणकावर मराठी उमटवायची कशी?

तेव्हाच्या संगणकांवर मराठी होती, पण प्रत्येकाच्या घरची निराळी. छापखान्यांत श्रीलिपी, कुठे आकृती, कुठे आणखी काही. एका फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या पडद्यावर निव्वळ रोमन अक्षरांचा कचरा दिसे. विकिपीडिया युनिकोडवर चालतो. विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसायची तर सेटिंगमध्ये जाऊन वेगळी सोय चालू करावी लागे आणि त्यासाठी विंडोजची मूळ सीडी हाताशी असावी लागे. विंडोज ९८ असेल तर तेवढाही मार्ग नव्हता. म्हणून पहिल्या वर्षांतले स्वयंसेवक बहुतांशी संगणकक्षेत्रातले किंवा परदेशात शिकायला-नोकरीला गेलेले होते. मराठी लिहिता येणारी लाखो माणसे महाराष्ट्रात होती आणि मराठी टाइप करता येणारी मूठभर माणसे पुणे, मुंबई आणि अमेरिकेत विखुरलेली होती. या मूठभरांच्या रात्री आणि सुट्ट्या पहिल्या काही हजार लेखांत गेल्या आहेत.

देवनागरी दिसू लागल्यावर अर्धा र आडवा आला. 'दुसऱ्या', 'सुऱ्या', 'कऱ्हाड' या शब्दांतला हा र हिंदीला लागत नाही, मराठीला त्याच्याविना चालत नाही. युनिकोडमध्ये तो दोन वेगवेगळ्या रीतींनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. परिणामी एकाने तयार केलेले पान दुसऱ्याला शोधून सापडेना आणि एकाच विषयावर दोन-दोन लेख होऊ लागले. मग कोणीतरी बसून एका लेखनावरून दुसऱ्याकडे पुनर्निर्देशने करायची, जोडपाने एकत्र करायची, त्यांवरचे दुवे तपासायचे. असले काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. ते झाले नसते तर पुढचे काहीच उभे राहिले नसते.

टंकलेखनाची अडचण सुटली ती शेजारभाषेच्या मदतीने. २०११च्या सुमारास विकिपीडियाच्या पानावरच भारतीय लिप्या टाइप करण्याची सोय आली, ती एका मल्याळम स्वयंसेवकाने केलेल्या कामातून. बटणे, सूचना, मेनू यांचे मराठीकरण ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर झाले; ते सुरू करणारा फिनलंडचा. मराठी स्वयंसेवकांनी तिथे हजारो छोटी वाक्ये एकेक करून मराठीत आणली. विकिपीडिया मराठी माणसाला मराठी वाटतो याला ती वाक्ये कारण आहेत आणि त्यांच्याखाली कुणाचेही नाव दिसत नाही.

चावडीवर

आमच्या समाजाची सार्वजनिक चर्चा चावडी या पानावर चालते. नवा नियम करायचा, प्रचालक निवडायचा, एखाद्या लेखावरून जुंपलेले भांडण सोडवायचे, सगळे तिथे. प्रचालकाला पान काढून टाकण्याचा किंवा कुलूपबंद करण्याचा अधिकार असतो; मजकुराच्या वादात त्याचे मत इतर कोणाही सदस्याच्या मताइतकेच. नवख्याला सराव करायला धूळपाटी आहे. एकसुरी, पुन्हापुन्हा करायची कामे सांगकामे करतात, म्हणजे तेवढ्यासाठी लिहिलेले छोटे प्रोग्रॅम.

रोजचे खरे काम 'अलीकडील बदल' या पानावर चालते. कोणीतरी सकाळी चहाबरोबर ते उघडतो आणि रात्रीतून काय काय झाले ते पाहतो. एखाद्या शाळकरी मुलाने आपल्या गावाच्या पानावर मित्रांची नावे लिहिलेली असतात. निवडणूक जवळ आली की उमेदवारांची गुणगानपर चरित्रे येतात. एखाद्या संताची जात कोणी बदललेली असते, आणि तासाभरात दुसऱ्याने उलटी फिरवलेली असते. 'थोर', 'महान', 'परमपूज्य' ही विशेषणे काढणारा एक असतो आणि काढल्यामुळे मनापासून दुखावलेला दुसरा. वाद घातला जातो, पण निर्णय डोकी मोजून करायचा नसतो. जो मजकूर विश्वासार्ह ग्रंथाचा किंवा वृत्तपत्राचा संदर्भ देऊ शकतो तो राहतो. हे सांगायला सोपे आहे. ज्याला आपल्या आजोबांकडून ऐकलेली गोष्ट पुसली गेलेली दिसते त्याला ते समजावून सांगणे अवघड आहे आणि त्याला न दुखावता समजावणे त्याहून अवघड.

या समाजातले चांगले सदस्य मी त्यांच्या लेखसंख्येवरून ओळखत नाही. नव्या माणसाने केलेली पहिली, अडखळती, चुकांनी भरलेली भर ते कशी हाताळतात हे मी पाहतो. काही जण ती पुसून पुढे जातात. काही जण ती दुरुस्त करतात, चर्चापानावर दोन ओळी लिहितात, संदर्भ कसा द्यायचा हे दाखवतात आणि आठवड्याने परत डोकावून जातात. अशाच सदस्यांमुळे मराठी विकिपीडिया आज लाखाच्या आसपास लेखांपर्यंत आला आहे. परभणीचा विद्यार्थी, साताऱ्याचे निवृत्त शिक्षक, न्यू जर्सीतला अभियंता, बँकेतून परतल्यावर रात्री तासभर बसणारी कर्मचारी, अशी माणसे एकमेकांना कधीही न भेटता वर्षानुवर्षे एकमेकांचे शुद्धलेखन तपासत राहतात. भेटतात तेव्हा टोपणनावानेच हाक मारतात.

मुंबई आणि पुणे, २०११

भारतातल्या विकी-समाजाने एकत्र येण्याचे पहिले मोठे वर्ष २०११. जानेवारीत विकिपीडियाचा दहावा वाढदिवस देशात ठिकठिकाणी साजरा झाला. १८ ते २० नोव्हेंबरला मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलात पहिली 'विकिकॉन्फरन्स इंडिया' भरली. जिमी वेल्स आले होते. पण मराठी, मल्याळम, तमिळ, बंगाली, आसामी लिहिणारे प्रथमच एका छताखाली आले आणि आपापल्या अडचणी सारख्याच आहेत हे त्यांना कळले, ते महत्त्वाचे. पुढच्या परिषदा २०१६ मध्ये चंडीगडजवळ आणि २०२३ मध्ये हैदराबादला झाल्या.

त्याच वर्षी पुण्यात एक वेगळा प्रयोग चालू होता. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे, अशी फाउंडेशनची योजना होती. पुण्यातल्या काही महाविद्यालयांतले शेकडो विद्यार्थी तिच्यात आले. हेतू उत्तम होता. पण गुण मिळवायचे, मुदत जवळ आलेली आणि शिकवणारे हात थोडे. पुष्कळ विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतले आणि इतर ठिकाणचे उतारे जसेच्या तसे उतरवले. स्वामित्वहक्काचा भंग झालेला मजकूर शोधून काढण्यात जगभरच्या अनुभवी स्वयंसेवकांचे महिने गेले. ज्यांना या योजनेबद्दल कोणी आधी विचारलेही नव्हते, त्यांच्याच डोक्यावर साफसफाई आली. वर्ष संपण्याआधी योजना थांबवावी लागली.

ही गोष्ट मी इथे मुद्दाम सविस्तर लिहिली, कारण गौरवग्रंथात ती गाळण्याचा मोह होतो. विद्यार्थ्यांना दोष देणे सोपे आहे. आपल्या शाळांत उतारा लिहून आणणे यालाच अभ्यास म्हणतात, तर ती मुले दुसरे काय करणार? चूक अशी होती की संस्थेने माणसे आणली, पण ज्यांच्या घरात आणली त्यांना विचारले नाही. नंतरच्या काळात कार्यशाळांचे स्वरूप बदलले. सप्टेंबर २०१२ पासून बंगळुरूच्या 'सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी' या संस्थेने भारतीय भाषांतल्या कामाला पाठबळ द्यायला सुरुवात केली आणि मराठीतही लहान गटांच्या, स्थानिक ग्रंथालयांच्या आणि महाविद्यालयांच्या मदतीने कार्यशाळा होऊ लागल्या. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि ८ मार्चचा महिला दिन ही त्यांची ठरलेली निमित्ते झाली.

महिला दिनाचे कारण उघड आहे. फाउंडेशनने २०११ मध्ये जगभरच्या संपादकांची पाहणी केली तेव्हा त्यांत स्त्रिया दहा टक्क्यांहूनही कमी निघाल्या. लिहिणारे पुरुष असले की काय राहून जाते हे मराठीतही दिसत होते. क्रिकेटपटूंची आणि किल्ल्यांची पाने भरलेली, आणि लेखिका, शास्त्रज्ञ, चळवळीतल्या कार्यकर्त्या यांची पाने एक-दोन ओळींची, नाहीतर नाहीतच. महिला दिनाच्या कार्यशाळांतून ही पाने वाढली. त्या दिवशी आलेल्या बहुतेक जणी पुढे नियमित लिहीत नाहीत, हेही खरे. घरचे सगळे आटोपून रात्री उरणारा वेळ स्त्रीला आणि पुरुषाला सारखा मिळत नाही, आणि स्वयंसेवा नेमकी त्याच वेळावर चालते.

गोव्यातले काम वेगळ्या वाटेने गेले. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये आपला चार खंडांचा कोकणी विश्वकोश खुल्या परवान्याखाली दिला. सार्वजनिक पैशातून झालेला कोश लोकांना वापरायला मोकळा करण्याचे हे धाडस त्या विद्यापीठाने फार लवकर दाखवले. कोकणी विकिपीडिया २०१५ मध्ये स्वतंत्र झाला आणि देवनागरी, रोमी, कन्नड अशा तीन लिप्यांत लिहिणारी माणसे तिथे एकत्र काम करू लागली. ज्या प्रश्नावर गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले त्यावर तिथल्या स्वयंसेवकांनी, निदान एका जागेपुरता, एकत्र राहण्याचा मार्ग काढला.

विकिस्रोत

माझा स्वतःचा जीव विकिस्रोतात अधिक रमतो, म्हणून त्याविषयी थोडे जास्त लिहितो. विकिपीडिया हा कोश आहे. विकिस्रोत हे ग्रंथालय. ज्या पुस्तकांचा स्वामित्वहक्क संपला आहे किंवा हक्कधारकांनी जी खुली केली आहेत, ती तिथे शोधता येईल अशा मजकुराच्या रूपात येतात. भारतीय कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी, पुढच्या १ जानेवारीपासून, त्याचे लेखन सर्वांचे होते. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळे झाले. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांची पुस्तके साठ वर्षे न थांबता खुल्या परवान्यामुळे इथे आली आहेत.

पुस्तक येते म्हणजे काय होते? आधी ते कुणाकडे तरी मिळवायचे. वाळवीने खाल्लेले, शिवण सुटलेले, कधी मुखपृष्ठ हरवलेले. पाने स्कॅन करायची. मग संगणक चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर तयार करतो. मराठीत त्याची गल्लत कुठे होते हे आता आम्हाला पाठ झाले आहे: 'ख' चे 'रव' होते, 'घ' चे 'ध', 'भ' चे 'म', अनुस्वार शाईच्या डागांत मिसळतात. एका बाजूला मूळ पानाचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला हा मजकूर ठेवून स्वयंसेवक ओळ न् ओळ ताडून पाहतो. न तपासलेले पान लाल असते. एकाने तपासले की पिवळे होते. ते हिरवे करायला दुसराच माणूस लागतो. पहिल्याने कितीही काळजी घेतली असली तरी आपलेच पान त्याला हिरवे करता येत नाही. मला हा नियम फार आवडतो. कोणावरही अविश्वास न दाखवता प्रत्येकाच्या कामाला दुसऱ्या डोळ्यांची जोड तो देतो.

यातली एक अवघड गोष्ट नव्या माणसाच्या लक्षात यायला वेळ लागतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. त्याआधीच्या पुस्तकांत 'कांहीं', 'नाहीं', 'आंत', 'तेथें' असे अनुस्वार जागोजागी असतात. शाळेत शिकल्याप्रमाणे हात आपोआप ते काढायला जातो. विकिस्रोतावर मात्र जसे छापले आहे तसेच राहिले पाहिजे, कारण पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक त्या काळची मराठी पाहायला येईल तेव्हा त्याला त्या काळचीच मिळायला हवी. म्हणून आयुष्यभर मुलांच्या वह्यांतले शुद्धलेखन तपासलेल्या शिक्षकांना इथे चूक दिसूनही हात आवरावा लागतो. निवृत्त शिक्षक ही या कामाची सर्वांत मोठी ताकद आहे. पान पुरे करायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, जास्त संगणकज्ञान लागत नाही आणि सवडीने कधीही बसता येते.

नव्या काळजी

गेल्या दोन-तीन वर्षांत स्वयंसेवकांना ज्याची आधी सवय नव्हती असे एक दडपण आले आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात फाउंडेशनवर दावा केला, तेव्हा लेख लिहिणाऱ्या सदस्यांची ओळख उघड करण्याचा प्रश्न आला. त्या खटल्याविषयीचे पानच काढून टाकण्याचा आदेश झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो ९ मे २०२५ रोजी रद्द केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर पोलिसांनी काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. मजकूर चुकीचा असेल, दुखावणारा असेल, तर तो बदलण्याची वाट प्रत्येक पानावर उघडी आहे. संदर्भ द्यावा आणि दुरुस्त करावा. फुरसतीच्या वेळात विनामोबदला लिहिणारा माणूस मात्र नोकरी, घर, आईवडील सांभाळून हे करत असतो. त्याला पोलीस ठाण्याची भीती वाटू लागली तर आधी वादाचे विषय ओस पडतील आणि नंतर बाकीचेही. ज्या संस्थेची सगळी इमारत स्वयंसेवकांनी रचली, तिने अशा वेळी त्यांच्या पाठीशी सर्व बळ लावून उभे राहिले पाहिजे, ही आमची अपेक्षा आहे.

दुसरी काळजी यंत्रभाषांतराची. इंग्रजी लेख यंत्राने मराठीत आणून तसाच चढवणे आता काही मिनिटांचे काम आहे. वाक्ये व्याकरणाने बरी असतात, पण मराठी माणूस तसे बोलत नाही. अशी पाने साफ करण्यात जुन्या सदस्यांचा वेळ जातो आणि नवीन लिहिणे मागे पडते. या सफाईला आता वाढीव महत्त्व आहे. संगणकांना मराठी शिकवताना मोकळेपणाने उपलब्ध असलेला जो मराठी मजकूर वापरला जातो त्यात विकिपीडियाचा वाटा मोठा आहे. इथे राहिलेले वाईट वाक्य तिथे शिकले जाते.

नियमित लिहिणाऱ्यांची संख्या अजून थोडी आहे आणि ती पुणे-मुंबईकडे झुकलेली आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या लोककला, पिके, नद्या, बाजारपेठा यांवरची पाने त्या भागातल्या माणसांनी लिहिली तरच खरी होतील. विकिस्रोतासाठी पुढच्या काही वर्षांची यादी करायची आहे. वि. दा. सावरकर १९६६ मध्ये गेले; त्यांचे लेखन १ जानेवारी २०२७ पासून मोकळे होईल. आचार्य अत्रे आणि अण्णा भाऊ साठे दोघेही १९६९ मधले, तेव्हा त्यांची तारीख १ जानेवारी २०३०. त्या दिवशी काम सुरू करायचे तर पुस्तके आधीच हातात हवीत. अण्णा भाऊंच्या कथा-कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या हलक्या कागदावर निघालेल्या आहेत आणि झपाट्याने नाहीशा होत आहेत. गावच्या वाचनालयात, शाळेच्या कपाटात किंवा घरी माळ्यावर त्यांतली एखादी असेल, तर ती रद्दीत जाण्याआधी तिच्यावरचे प्रकाशनाचे साल आणि आवृत्ती यांची नोंद आम्हाला हवी आहे. पुस्तक मालकाकडेच राहील; स्कॅनर घेऊन स्वयंसेवक तिथे येतील.